व्हेंटिलेटर आले, श्वास सांभाळणारे कधी येणार?

बारावीचा निकाल लागला की सिंधुदुर्गातल्या घराघरांत तीच ती यादी पुन्हा वाचली जाते. ‘नीट’मध्ये गुण चांगले असतील तर एमबीबीएस, थोडे कमी पडले तर बीएएमएस किंवा फार्मसी, मुलगी असेल तर नर्सिंग. वेंगुर्ले तालुक्याच्या दक्षिण टोकाला, तेरेखोल खाडीच्या अलीकडे वसलेल्या रेडीसारख्या गावात आणखी दोन वाटा ठरलेल्या असतात. एक गोव्यातल्या हॉटेलची आणि दुसरी जहाजावरच्या नोकरीची. लोहखनिजाची खाण, बंदर, यशवंतगड आणि गणपतीचे देऊळ यांमुळे ओळखल्या जाणाऱ्या या गावात ‘रेस्पिरेटरी थेरपिस्ट’, म्हणजे श्वसनोपचार तज्ज्ञ, हा शब्द त्या यादीत सहसा नसतो. वास्तविक या किनाऱ्यावरच्या आजारांकडे पाहिले तर ज्या माणसांची इथल्या रुग्णालयांना निकड आहे, त्यांत या व्यवसायाचा क्रमांक बराच वर लागावा.

करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर राज्यभरातील शासकीय रुग्णालयांत ऑक्सिजनच्या नळ्या आल्या, हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे प्रकल्प उभे राहिले, व्हेंटिलेटर पोहोचले. ही मोठी जमेची बाजू आहे. परंतु व्हेंटिलेटर ही पंख्यासारखी कळ दाबून सोडून द्यायची वस्तू नव्हे. रुग्णाची उंची, आजार, रक्तातील वायूंचे प्रमाण, फुप्फुसाचा ताठरपणा हे सारे पाहून त्याचे आकडे ठरवावे लागतात आणि दर काही तासांनी बदलावे लागतात. हे काम ज्याचे मुख्य काम आहे, अशी व्यक्ती आपल्या बहुतेक रुग्णालयांत नसते. यंत्रखरेदीच्या बातम्या होतात, ते चालवणाऱ्या हातांच्या भरतीची बातमी क्वचितच होते.

नेमके काम काय?

निरोगी प्रौढ माणूस विश्रांतीच्या वेळी मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो. दिवसाचा हिशेब केला तर ही संख्या वीस हजारांच्या आसपास जाते. फुप्फुसांत तीस कोटींहून अधिक वायुकोश असतात आणि ते पसरून ठेवले तर सुमारे सत्तर चौरस मीटर जागा व्यापतील. एवढ्या पातळ आणि पसरलेल्या पडद्यातून ऑक्सिजन आत आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर अशी देवघेव अखंड चालू असते. ती बिघडली की माणसाला धाप लागते, ओठ निळसर होतात, बोलणे तुटते. काही मिनिटांत निर्णय घ्यावा लागतो.

श्वसनोपचार तज्ज्ञाचे शिक्षण याच देवघेवीचे असते. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटर लावणे व त्यावर लक्ष ठेवणे, श्वासनलिकेतील नळी मोकळी राखणे, कफ काढणे, धमनीतील रक्ताची वायुतपासणी करून तिचा अर्थ लावणे, नाकातोंडावरच्या मुखवट्याने दिला जाणारा बायपॅपचा आधार जुळवणे, हे त्याचे रोजचे काम. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला नाकातून हलक्या दाबाची हवा देणे, शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला खोल श्वास घ्यायला शिकवणे, फुप्फुसांची क्षमता मोजणारी स्पायरोमेट्री करणे, झोपेत श्वास अडणाऱ्यांची तपासणी करणे, घरी ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णाच्या नातेवाइकांना यंत्र समजावून देणे, हेही त्यातच येते. निदान आणि उपचाराचा निर्णय डॉक्टरांचा असतो; तो निर्णय श्वासागणिक अमलात आणणे आणि बिघाड दिसताच डॉक्टरांना सावध करणे ही या तज्ज्ञाची जबाबदारी.

परिचारिका, भूलतंत्रज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांच्या कामाशी याची सीमा काही ठिकाणी जुळते. त्यामुळेच ‘वेगळा माणूस कशाला’ असा प्रश्न विचारला जातो. पण अतिदक्षता विभागातल्या परिचारिकेला औषधे, सलाइन, नोंदी, स्वच्छता, नातेवाईक असे सारे एकाच वेळी सांभाळायचे असते. भूलतंत्रज्ञ शस्त्रक्रियागृहात गुंतलेला असतो. फुप्फुसांकडेच चोवीस तास लक्ष ठेवणारे कोणी असले तर किती फरक पडतो, याचे पुरावे जुने आणि भक्कम आहेत.

कोपनहेगनचा धडा

१९५२ साली डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुले भरती होऊ लागली. तेव्हा उपलब्ध असलेल्या यंत्रांवर ठेवलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण तीन दिवसांत दगावले. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी घालावी आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरावी, असा मार्ग सुचवला. २७ ऑगस्ट १९५२ रोजी बारा वर्षांच्या एका मुलीवर तो यशस्वी ठरला. मग सुमारे पंधराशे वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून, कित्येक आठवडे, रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. सुरुवातीला दहांपैकी जवळजवळ नऊ रुग्ण मरत होते. ते प्रमाण चारांत एकावर आले. आजचा अतिदक्षता विभाग या घटनेतून जन्मला, असे मानले जाते. त्या मुलांना वाचवणारी गोष्ट नवे यंत्र नव्हती. श्वासाकडे एकटक लक्ष ठेवणारे हात होते.

यंत्रे सुधारली तरी हा धडा बदलला नाही. २००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांवर झालेला एक अभ्यास या क्षेत्रात मैलाचा दगड मानला जातो. तीव्र संसर्गाने किंवा इजेने फुप्फुसे ताठर झालेल्या रुग्णांच्या एका गटाला व्हेंटिलेटरवरून प्रत्येक श्वासाला जुन्या पद्धतीने, शरीराच्या अपेक्षित वजनाच्या दर किलोमागे १२ मिलिलिटर हवा देण्यात आली. दुसऱ्या गटाला फक्त ६ मिलिलिटर. पहिल्या गटात सुमारे ४० टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्यात ३१ टक्के. कोणतेही नवे औषध नाही, यंत्रही तेच. बदलला तो फक्त पडद्यावरचा एक आकडा. हे अपेक्षित वजन काट्यावरचे नसते. ते उंचीवरून काढावे लागते, कारण माणूस जाड झाला म्हणून त्याची फुप्फुसे मोठी होत नाहीत. म्हणजे खाटेवर पडलेल्या रुग्णाची उंची फितीने मोजणे हीसुद्धा जीव वाचवणारी कृती ठरते. घाईगर्दीच्या विभागात ती कोण करणार, हा खरा प्रश्न आहे.

दुसरा अभ्यास १९९६ सालचा. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण स्वतः श्वास घ्यायला तयार झाला आहे का, याची रोज सकाळी ठरलेल्या पद्धतीने चाचणी घेण्याचे काम श्वसनोपचार तज्ज्ञ आणि परिचारिकांकडे दिले गेले. तीनशे रुग्णांच्या या पाहणीत यंत्रावरचा काळ सहा दिवसांवरून साडेचार दिवसांवर आला. व्हेंटिलेटरवरचा प्रत्येक जादा दिवस न्यूमोनियाचा धोका वाढवतो, स्नायू झिजवतो आणि घरच्यांचा खिसा रिकामा करतो. सिंधुदुर्गातून बाहेरगावच्या खासगी रुग्णालयात नेलेल्या रुग्णाच्या कुटुंबाला दीड दिवसाचा अर्थ सांगण्याची गरज नाही.

या किनाऱ्याचे श्वासाचे आजार

रेडी आणि आसपासच्या गावांतील श्वासाच्या तक्रारींची कारणे एकाच ठिकाणी सापडत नाहीत. खनिजाची वाहतूक, चिरेखाणींतील धूळ, काजू भाजण्याच्या भट्ट्यांचा झोंबणारा धूर, पावसाळ्यात ओल्या लाकडांनी पेटणारी चूल, बंद खोलीत रात्रभर जळणारी डासांची अगरबत्ती, आणि विडी-सिगारेट. एक डासअगरबत्ती जळताना सोडते ते सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके भरतात, असे एका अभ्यासात आढळले होते. ज्या धुळीत सिलिकाचे प्रमाण जास्त, तिथे वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना सिलिकोसिस होऊ शकतो. त्यावर बरे करणारा इलाज नाही. धूळ टाळणे, लवकर ओळखणे आणि उरलेली फुप्फुसे जपणे एवढेच हाती राहते. लवकर ओळखण्यासाठी छातीच्या क्ष-किरणाबरोबर फुप्फुसांची क्षमता वेळोवेळी मोजावी लागते, आणि ती चाचणी नीट करून घेणे हे कौशल्याचे काम आहे. रुग्णाने फुंकर अर्धवट मारली तर निघालेला आकडा निरुपयोगी असतो.

सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकुंचित होण्याचा आजार. तो धूम्रपान करणाऱ्यांनाच होतो, हा समज खोडून काढण्यात पुण्यातील संशोधक डॉ. संदीप साळवी यांचा वाटा मोठा आहे. चुलीचा धूर, धूळ आणि लहानपणीचे श्वसनसंसर्ग यांमुळे विडीला कधी हात न लावलेल्या बायकांनाही तो होतो, हे त्यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. २०१६ च्या अंदाजानुसार भारतात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी आणि दम्याचे पावणेचार कोटींहून अधिक रुग्ण होते. जगाच्या लोकसंख्येत भारताचा वाटा १८ टक्के, पण दीर्घकालीन श्वसनविकारांच्या ओझ्यात ३२ टक्के. असे असूनही ‘दम लागता’ म्हणून येणाऱ्या म्हाताऱ्याला इन्हेलर लिहून दिला जातो आणि तो कसा ओढायचा हे शिकवायला कोणाला वेळ नसतो. पंप हलवायचा, आधी श्वास पूर्ण सोडायचा, दाबतानाच सावकाश आत ओढायचा, दहा सेकंद धरून ठेवायचा, स्टेरॉइडचा असेल तर नंतर चूळ भरायची. यातली एक पायरी चुकली तरी औषध घशातच राहते. मग ‘पंपान काय होना नाय’ म्हणत रुग्ण तो फळीवर ठेवून देतो आणि पुढच्या पावसाळ्यात थेट रुग्णवाहिकेतून येतो.

ऑक्सिजनबद्दलही असाच गैरसमज आहे. जास्त म्हणजे चांगले, असे नातेवाइकांना वाटते. सीओपीडीच्या काही रुग्णांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून त्यांना गुंगी येऊ शकते. म्हणून अशा रुग्णांत बोटावरच्या यंत्रातला आकडा ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवावा, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. शंभराचा हट्ट इथे घातक ठरतो.

याखेरीज कोकणाचे खास धोके आहेतच. मण्यार चावली तर अनेकदा दुखत नाही, सूजही फारशी येत नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पापण्या मिटत असल्याची तक्रार करतो आणि काही तासांत त्याचे श्वासाचे स्नायू लुळे पडतात. प्रतिसर्पविष द्यायचे असतेच, पण एकदा बसलेला हा लुळेपणा त्याने लगेच उतरत नाही. काही दिवस श्वास चालू ठेवला तर माणूस पूर्ण बरा होऊन घरी जाऊ शकतो. वाटेत ॲम्बू बॅग नीट दाबणारा हात मिळाला की नाही, यावर तरणाताठा जीव ठरतो. देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू होतात, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. २०२४ मध्ये केंद्राने ही संख्या २०३० पर्यंत निम्मी करण्याचा कृती आराखडा जाहीर केला. लाल विंचवाच्या दंशात हृदय थकून फुप्फुसांत पाणी भरते, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे साधे औषध वापरून कोकणातले हे मृत्यू कसे कमी केले, ते जगाने पाहिले. भातशेतीच्या दिवसांत येणारा लेप्टोस्पायरोसिस बिघडला तर फुप्फुसांत रक्तस्राव होतो. समुद्रात बुडता बुडता वाचलेल्या माणसाची फुप्फुसे पुढचे काही तास डोळ्यांत तेल घालून पाहावी लागतात. या प्रत्येक प्रसंगी पहिले काही तास श्वास टिकवून धरणे हाच उपचाराचा पाया असतो.

रेडीचा रुग्ण आधी गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, मग शिरोड्याला, तिथून सावंतवाडीला किंवा ओरोसला आणि अखेर गोव्यात बांबोळीला जातो. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाने दक्षिण सिंधुदुर्गाला अनेक वर्षे आधार दिला. २०१८ च्या सुरुवातीला गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे शुल्क लागू झाले तेव्हा जिल्ह्यात आंदोलन उभे राहिले, यावरूनच हे अवलंबित्व किती खोल आहे ते दिसले. प्रत्येक टप्प्यावर रुग्णवाहिका बदलते, ऑक्सिजनचा सिलिंडर बदलतो, नळी हलते. श्वासाच्या रुग्णासाठी प्रवास हाच सर्वांत धोक्याचा भाग असतो.

२०२१ ने काय दाखवले

२१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि पुरवठा खंडित होऊन वीसहून अधिक रुग्णांचा मृत्यू झाला. पुढच्याच महिन्यात बांबोळीत पहाटेच्या वेळी ऑक्सिजनचा दाब घसरत असल्याचा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे आला आणि न्यायालयाला ऑक्सिजनअभावी मृत्यू होता कामा नये, असे बजावावे लागले. त्याच सुमारास औरंगाबाद खंडपीठापुढे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला मिळालेल्या व्हेंटिलेटरचा वाद गाजला. डॉक्टरांच्या मते यंत्रे सदोष होती. केंद्राच्या मते ती हाताळण्याची तयारी आणि प्रशिक्षण अपुरे होते. दोष कोणाचा, याचा निवाडा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. टाकीपासून रुग्णाच्या नाकापर्यंतची साखळी रोज तपासणारा, दाबाचा काटा वाचणारा, यंत्र रुग्णाला जोडण्यापूर्वी पारखून घेणारा प्रशिक्षित माणूस प्रत्येक पाळीत असायला हवा. ही साखळी कोणाचीच जबाबदारी नसते तेव्हा ती सर्वांत कच्च्या कडीवर तुटते.

शिक्षण, मान्यता आणि सावधगिरी

या क्षेत्रात येण्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र लागते. पदवी साधारण चार वर्षांची. तीन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष रुग्णालयात आंतरवासिता. कर्नाटकातील मणिपाल, केरळातील कोची येथील अमृता आणि तमिळनाडूतील वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज इथे हे शिक्षण दिले जाते. पुण्यातही सिंबायोसिसमध्ये वैद्यकीय तंत्रज्ञान पदवीत या विषयाची वाट आहे. रेडीच्या मुलाला सावंतवाडीहून कोकण रेल्वेने उडुपी गाठता येते, म्हणजे मणिपाल मुंबईपेक्षा जवळ पडते. खर्च मात्र प्रत्येक संस्थेचा वेगळा असतो. प्रवेशापूर्वी शुल्क, वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्ज यांचा हिशेब कागदावर मांडलेला बरा.

या व्यवसायाला आता कायद्याचा आधार मिळाला आहे. संसदेने २०२१ मध्ये संमत केलेल्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात दहा वर्गांतील व्यवसायांची नोंद आहे आणि श्वसन तंत्रज्ञ त्यांपैकी एक आहे. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घेण्यासाठी किमान ३,६०० तासांचे शिक्षण या कायद्याने सांगितले आहे. राज्यांनी परिषदा स्थापन करण्यात दिरंगाई केली, म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दोन महिन्यांत अंमलबजावणी करण्याचे आदेश द्यावे लागले. कायदा कागदावरून रुग्णालयात यायला वेळ लागणार, हे यातून स्पष्ट होते.

म्हणूनच पालकांनी डोळे उघडे ठेवले पाहिजेत. ‘पॅरामेडिकल’ या एका शब्दाखाली सहा महिन्यांची प्रमाणपत्रे विकणारी दुकाने तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली आहेत. प्रवेश घेण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात. पदवी कोणत्या विद्यापीठाची आहे? संस्थेकडे स्वतःचे किंवा कायमचे जोडलेले, अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय आहे का? शिकवणाऱ्यांत या विषयाचेच पदवीधर आहेत का? आंतरवासितेत प्रत्यक्ष किती रात्रपाळ्या कराव्या लागतात? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर टाळले गेले तर बाकीची तीन उत्तरे ऐकण्यात वेळ घालवू नये.

काम हलके नाही, हेही मुलांना आधी सांगायला हवे. रात्रपाळ्या असतात, संसर्गाचा धोका असतो, कफ आणि रक्त हाताळावे लागते, आणि सगळे नीट करूनही काही रुग्ण जातात. गणित फार अवघड नसते, पण रोज करावे लागते. दशांशचिन्ह चुकले तर त्याची किंमत दुसरा मोजतो. ज्याला यंत्राची आवड आहे, पण यंत्रापेक्षा माणसाच्या चेहऱ्याकडे आधी लक्ष जाते, त्याने हे क्षेत्र जरूर पाहावे.

परदेशाचे आकर्षण समजण्यासारखे आहे. अमेरिकेत १९४७ पासून या व्यवसायाची संघटना आहे, आज तिथे सव्वा लाखाहून अधिक श्वसनोपचार तज्ज्ञ काम करतात आणि अलास्का वगळता सर्व राज्यांत परवाना लागतो. मात्र भारतीय पदवीवर तिथल्या परीक्षेला साधारणपणे थेट बसता येत नाही. तिथला मान्यताप्राप्त अभ्यासक्रम करावा लागतो. आखाती देशांत भारतीय पदवीधरांना तुलनेने अधिक वाव आहे, पण तिथेही परवान्याची परीक्षा आणि कामाचा अनुभव मागतात. ‘शिकला की दुबई’ असे आश्वासन देणाऱ्या दलालाकडे लेखी मागावे.

पद नसेल तर माणूस येणार कुठून?

सर्व चर्चेचा रोख अखेर सरकारी पदांकडे वळतो. मुलगा चार वर्षे शिकून आला आणि जिल्ह्यात त्याच्यासाठी पदच नसेल तर तो पुण्याला, बंगळुरूला किंवा रियाधला जाणार. त्याला दोष देता येणार नाही. ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१-२२ पासून सुरू झाले आहे. तिथे अतिदक्षता विभाग आहे, शिकवणारे डॉक्टर आहेत आणि शिकण्यासारखे रुग्ण, दुर्दैवाने, भरपूर आहेत. अशा महाविद्यालयांत श्वसनोपचाराची पदवी सुरू करण्याचा विचार आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आणि वैद्यकीय शिक्षण खात्याने गंभीरपणे करायला हवा. सुरुवातीला जागा थोड्या असल्या तरी चालतील, पण त्यांतल्या काही जिल्ह्यातल्या मुलांसाठी ठेवाव्यात.

तोवर दोन कामे आजही होण्यासारखी आहेत. पहिले, व्हेंटिलेटर असलेल्या प्रत्येक शासकीय रुग्णालयात दर पाळीला किमान एक श्वसनोपचार तज्ज्ञ असे मंजूर पद निर्माण करणे. दुसरे, सध्या काम करणाऱ्या परिचारिका आणि रुग्णवाहिकांवरील कर्मचाऱ्यांना ॲम्बू बॅग, नळीची काळजी आणि वाहतुकीतील ऑक्सिजन यांचे दरवर्षी, हाताने करून दाखवायला लावणारे प्रशिक्षण देणे. २०१४ पासून राज्यात धावणाऱ्या १०८ रुग्णवाहिकांनी हजारो जीव वाचवले. त्या गाडीत श्वासाचे ज्ञान वाढले तर रेडी ते बांबोळी हे अंतर तेवढेच राहूनही कमी भासेल.

यात खर्च आहे, हे खरे. पण व्हेंटिलेटरच्या किमतीकडे पाहणाऱ्यांनी वापराविना झाकून ठेवलेल्या यंत्राची किंमतही मांडावी. खाणी आणि बंदरातून महसूल मिळवणाऱ्या राज्याने त्याच धुळीत श्वास घेणाऱ्या गावांना एक प्रशिक्षित माणूस देणे ही मेहेरबानी नाही, देणे आहे.

शाळांनीही आपला वाटा उचलावा. निकालानंतर होणाऱ्या मार्गदर्शन शिबिरात डॉक्टर आणि अभियंत्यांबरोबर एखादा श्वसनोपचार तज्ज्ञ बोलावला, त्याने मुलांच्या हातात स्पायरोमीटर देऊन फुंकर मारायला लावली, तर पंधरा मिनिटांत जे कळेल ते माहितीपत्रकातून कळणार नाही. रेडीतल्या दहा मुलांपैकी एकाने जरी ही वाट धरली आणि जिल्ह्याने त्याला परत येण्याजोगे पद दिले, तर पुढच्या पावसाळ्यांत मण्यार चावलेल्या कोणाच्या तरी खाटेशेजारी मालवणी बोलणारा, यंत्राचे आकडे समजणारा माणूस उभा असेल. जिल्ह्याच्या आरोग्याचा हिशेब मांडताना किती व्हेंटिलेटर आले एवढेच न विचारता, ते रात्री तीन वाजता कोण पाहतो, हेही विचारले गेले पाहिजे.